महिना संपला, मग चहाचं काय?

३१ जानेवारीच्या रात्री मी बायकोला म्हटलं, उद्या सकाळी दुधाचा चहा मांड, अद्रक ठेचून. ती हसली. म्हणाली, "एक तारखेले बसले, एकतीसले सुटले. शिक्षा भोगत होते काय जी?"

शिक्षा नव्हती, पण तारखा मोजत होतो हे खरं.

लेक नागपूरला शिकते. डिसेंबरात घरी आली ती हे खूळ घेऊनच. व्हेगन, म्हणजे जनावरापासून आलेलं काहीच खायचं-प्यायचं नाही. शब्द १९४४ सालचा, इंग्लंडातला. आणि जानेवारीभर तसं खाऊन पाहायचं ही मोहीमही तिथलीच, २०१४ पासूनची. "बाबा, तू एकतीस दिवस करून दाखव, मग बोल." आई माळकरी, त्यामुळे मटण-अंडी आमच्या घरी तशीही नाहीत. सोडायचं ते दूध, दही, ताक, तूप आणि मध. म्हटलं, यापेक्षा आईचे सोमवार कठीण.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. सात एकर वावर, सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी. कोठ्यात एक गवळाऊ गाय. ही आमच्याच पट्ट्यातली जात, आर्वी-आष्टी-कारंजाकडची. पांढरी, चपळ, बंडीला पळणारे बैल देणारी. दुधासाठी तिचं नाव कोणी घेत नाही. आमची भरात असली की दोन्ही वेळचं मिळून अडीच लिटर. जानेवारीत ती आटलेली होती, गाभण. म्हणजे महिनाभर मी जे सोडलं ते तिचं नव्हतंच, पिशवीतलं होतं. तेव्हा हे लक्षात आलं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जेवणात तर काही कळलंच नाही. जानेवारी आमच्याकडे भरल्या घराचा महिना. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, सोले-वांगे, सांबारवडी, भरीत, ज्वारीची भाकर, जवसाच्या चटणीवर कच्चं तेल. संक्रांतीला तिळगूळ. यात दूध असतं कुठं? व्हेगन मालासाठी सरकारने हिरवा शिक्का काढलाय म्हणे. आई गेली साठ वर्षं बिनशिक्क्याचं तेच चुलीवर टाकते आहे. वरणभातावरचं तूप आठवायचं आणि दुपारी ताक. बस.

अडलं ते चहापाशी. गावात चहा म्हणजे पेय नाही, हजेरी आहे. कोणाच्या ओसरीवर बसलं आणि चहा नाही घेतला, की घरच्या बाईला वाटतं काही मनात धरलं. पहिल्या आठवड्यात मी चार घरी कोरा चहा मागितला. तीन घरी विचारलं, शुगर निघाली का? चौथ्या घरी काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आईकडे चौकशी आली. आई भडकली. "कोरा चहा मयताच्या घरी पेतेत बापा. अन् गाय काय रुसली का तुह्यावर?"

मग सोयाबीनचं दूध करून पाहिलं. घरात पोतं होतंच. २०२४-२५च्या त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि व्यापारी चार हजारांच्या आसपास रेंगाळलेला, म्हणून विकायचं ठेवलेलं. इतकी वर्षं पेरतो, पण सोयाबीन कधी आमच्या चुलीवर चढलं नव्हतं. ते गाडीत भरायचं पीक. वाटीभर दाणे रात्री भिजवले, सकाळी चोळून सालं काढली, मिक्सरमधून फिरवून धोतराच्या फडक्यातून गाळले. गंजात उकळायला ठेवलं तर एका क्षणात फेस वर येऊन चुलीवर. दहा-पंधरा मिनिटं ढवळत उकळावंच लागतं, कच्चं सोयाबीन पचत नाही. झालं दूध, पण वास असा की वावरात शेंग दातांनी फोडली. गुळाच्या चहात टाकलं तर तेही फाटलं. वर गाठी, खाली पिवळं पाणी. बायकोने कप माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी उभी राहिली. प्यालो.

नंतर लेकीने फोनवर सांगितलं की भिजवलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात टाकायचे आणि मग वाटायचे, वास मरतो. खरंच मरतो. गूळही उतरवल्यावर टाकायचा. उरलेल्या चोथ्याचा झुणका मात्र फक्कड झाला, आजही होतो.

तिसऱ्या आठवड्यात एका नवसाच्या पंगतीला गेलो. रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगा फोडला की वाढपी वरून तुपाची धार सोडतो, थांब म्हणेपर्यंत. मी आधीच हात आडवा धरला. त्याला वाटलं संकोच करतो, तर बोटांवरच सोडली. गरम होतं. हात धुऊन आलो. कोरडा रोडगा घशाखाली उतरेना, भाजीच्या तर्रीवर निभावलं.

वर्धा जिल्ह्यात राहून दुधाचा विषय काढला की कोणीतरी गांधीजींना आणतोच. आणला. त्यांनी १९१२ साली दूध सोडलं. जास्त दूध काढायला गाई-म्हशींवर फुंका घालायचे, म्हणजे मागून अंगात हवा फुंकायचे, त्या क्रौर्याचं ऐकून, आणि ब्रह्मचर्याचाही विचार होता. पुढे १९१८च्या दुखण्यात अंगात काही उरलं नाही, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं घ्या. घेतलं. पण व्रताचं अक्षर पाळलं, मर्म गेलं, ही टोचणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आमच्या पाराजवळ मात्र एवढाच निष्कर्ष निघाला, की गांधींना नाही जमलं तिथं तू कोण.

असो. एक फेब्रुवारीचा तो चहा. महिनाभर ज्याची वाट पाहिली तो जड लागला. जिभेवर साय बसल्यासारखी. अर्धा प्यालो, अर्धा मोरीत. बायको काही बोलली नाही. दुपारी मी कोराच घेतला, पण ठरवलं असं काही नाही, नुसतं ढकलत राहिलो.

तब्येतीच्या नावावर निकाल लावता आला असता. वजन दोन किलो उतरलं, छातीतली जळजळ गेली. पण सहाचे दोन चहा झाले होते. श्रेय दूध सोडल्याला की साखर कमी झाल्याला, कोण सांगेल? आणि सुरुवातीलाच रक्त तपासलं होतं त्यात बी-१२ निघालं १७२, म्हणजे कमीच. जन्मभर दूध पिऊन ही गत. डॉक्टर म्हणाले, शाकाहाऱ्यांमध्ये हे नेहमीचं, आणि दूधही सोडणार असाल तर गोळी कायमची, कारण हे जीवनसत्त्व डाळी-भाजीत मिळत नाही. तेव्हा ज्याला कोणाला करायचं असेल त्याने हे आधी करावं, बाकी गप्पा नंतर.

पाच फेब्रुवारीला पहाटे गाय व्याली. गोऱ्हा झाला. आईने पहिला चीक त्यालाच पाजला, दुसऱ्या दिवशीच्या चिकाची वडी केली, घरोघर वाटली.

गवळाऊ गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. आधी वासराला कासेला लावायचं, त्याने दोन-चार ढुशा दिल्या की दूध उतरतं, मग त्याला ओढून तिच्या तोंडापुढे बांधायचं. ती त्याला चाटत राहते आणि आपण काढत राहतो. दावं धरायचं काम लहानपणापासून माझं. शेकडो वेळा ओढलं असेल. त्या दिवशी ओढलं तर गोऱ्ह्याने सड तोंडातून सोडला नाही. मान लांबली, सड लांबला, मग चप्‌ असा आवाज झाला आणि ओठांवर फेस. मी दावं सैल सोडलं. तो परत जाऊन चिकटला.

"सोडला काय रे?" आई गंज घेऊन उकिडवी बसलेली.

त्या रात्री तिच्याशी बोललो. तिचं म्हणणं सरळ होतं. "दूध नाही पेयाचं तं गाय कायले ठेवाची? शेणाले? अन् या गोऱ्ह्याले कोण घेईन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पेरणी-वखरणी ट्रॅक्टरवर गेली. गोऱ्हे-बैल कापायला बंदी २०१५ पासून, गायीची त्याआधीपासूनच. विकायला गिऱ्हाईक नाही, म्हणून शिवारात मोकाट सोडलेले गोऱ्हे रात्री तूर खातात आणि आम्हीच त्यांना हाकलत फिरतो. मी चहा कोरा प्यालो म्हणून त्यातला एकही कमी होत नाही. पण दावं ओढणं आता माझ्याच्याने होईना, हेही तितकंच खरं.

मग आईने स्वतःच हिशेब घातला. एक सड वासराचा, तीन घराचे, ही तिची नेहमीची वाटणी. "तू नाही ना पेत? मंग तुह्या वाट्याचा त्यालेच जाऊ दे." दोन-दोन.

तेव्हापासून मी दूध-तूप घेत नाही. पिशवी बंद झाली, लग्नातलं पनीर बंद. देवळात तळहातावर तीर्थ पडलं तर पितो, तेवढ्यावर लेक भांडते. आईबाबा आणि बायको गायीचं पितात. दावं आता बायको धरते.

दोन सडांचा चौथ्याच दिवशी गोऱ्ह्याला झाला त्रास. जास्त दूध पिऊन हगवण लागली. आईने मला झोपेतून उठवलं, हातात औषधाची बाटली दिली. "धर त्याचं तोंड. तुह्याच वाट्याचं होय ते." सध्या दीड सडावर आलोय.