दुसरं वाक्य

आज अकरावीच्या वर्गात जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या इंग्रजी कादंबरीचं (१८१३) पहिलं वाक्य घेतलं. पैसेवाल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते, हे सर्वमान्य सत्य! मुलांनी माना डोलावल्या. उपरोध कुणालाच दिसला नाही.

उपरोधाची व्याख्या बाजूला ठेवली. विचारलं, रात्री उशिरा घरी गेल्यावर आई "लवकर आलास हो!" म्हणते, तेव्हा काय समजता? वर्ग हसला.

मग दुसरं वाक्य वाचलं. त्या पुरुषाच्या मनातलं कुणालाच ठाऊक नाही, तरी शेजारी त्याला आपल्या मुलीची हक्काची मालमत्ता धरून बसलेत.

सुट्टीत कादंबरी वाचलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, गरज त्याला नाहीच. पाच मुलींच्या आईला आहे. वडील गेले की घर नात्यातल्या पुरुषाकडे जाणार."

नंतर कुणी हसलं नाही. मला भरून आलं.