कापडाला एक रात्र हवी होती

मी इंदूरला एका रेडिमेड युनिटमध्ये क्वालिटी बघते, अकरा वर्षं झाली. शेड परदेशीपुऱ्याच्या बाजूला, साठेक मशीन, बहुतेक बाया पीस रेटवर, म्हणजे जितके नग शिवाल तितकी मजुरी. ही गोष्ट मागच्या वर्षीची आहे आणि अजून मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

ऑनलाइन विकणाऱ्या एका ब्रँडची ऑर्डर आली, ३२०० टी-शर्ट, शंभर टक्के सुती, मुदत नऊ दिवस. कापड मागवणं, कटिंग, शिलाई, धागे कापणं, प्रेस, पॅकिंग सगळं त्यातच. पूर्वी दिवाळी आणि लगीनसराई असे दोन मोठे सीझन असायचे, आता दर पंधरा दिवसांनी ॲपवर नवीन काहीतरी दिसायला हवं असतं आणि घाई सगळी आमच्या टेबलावर येऊन पडते.

कापड तिरुपूरहून यायचं होतं, ते आलंच चौथ्या दिवशी संध्याकाळी. आता होजियरीचं कापड रोलवर ताणून गुंडाळलेलं असतं, ते उलगडून सैल पसरून निदान एक दिवस-रात्र तसंच ठेवावं लागतं, मग ते आपल्या खऱ्या मापावर येतं. तसं न करता कापलं तर कापताना माप अगदी बरोबर दिसतं, पण शिवून झाल्यावर प्रेसची वाफ लागली की आखडतं. हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. आमचे कटिंग मास्टर बऱ्हाणपूरचे, घरी मराठीच, ते म्हणाले, "ताई, एक रात्र उघडं राहू द्या हो, सकाळी कापतो." मी मालकांना फोन लावला, ते म्हणाले वेळ नाहीये, आणि कटिंगच्या स्लिपवर सही मी केली. मी नाही म्हणू शकले असते का? म्हणू शकले असते. निदान लिहून तरी ठेवू शकले असते.

नवव्या दिवशी तपासणीला माणूस आला. ३२०० च्या लॉटमधून १२५ पीस काढतात, सात खराब निघाले तरी लॉट पास, आठवा निघाला की फेल. तो खांद्यापासून खालपर्यंत टेप लावत होता आणि मी शेजारी उभी राहून मोजत होते. लांबीला पाऊण इंच कमी. परत पाऊण इंच. आठवा खराब पीस आला तेव्हा टेपचं दुसरं टोक मीच धरलेलं होतं. पूर्ण १२५ झाले तेव्हा एकोणीस निघाले होते.

मला वाटलं निदान सेकंड म्हणून स्वस्तात जातील, क्लॉथ मार्केटमध्ये असा माल हातोहात उचलतात. पण छातीवर ब्रँडचं नाव छापलेलं, आणि ते नाव बाजारात ढिगाऱ्यात दिसलेलं त्यांना चालत नाही. दुसऱ्या दिवशी मेल आला, सगळे पीस मधोमध कापा आणि व्हिडिओ पाठवा.

ज्या बायांनी शिवले त्यांच्याच हातात कात्र्या दिल्या, कारण दुसरं काम नव्हतं. गळ्यापासून खालच्या पट्टीपर्यंत सरळ एक काप. नव्या कापडाचा कापताना जो आवाज येतो ना, तो आख्खा दिवस शेडमध्ये भरून राहिला होता, कोणी बोलत नव्हतं, रेडिओसुद्धा कोणी लावला नाही. मी रजिस्टरमध्ये पन्नास-पन्नासचे गठ्ठे लिहीत होते. ओव्हरलॉकवर एक मावशी आहेत, जळगावकडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. त्यांनी कापलेला एक पीस उलटा केला, खांद्याची शिवण दोन्ही हातांनी जोरात ओढली आणि माझ्यासमोर धरली. "बघा मॅडम, एक टाका तरी सुटला का? मग माझी मजुरी का कापता?"

कारण रिजेक्ट पीसची मजुरी देत नाहीत, नियमच तसा. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी हिशोब करत बसले. एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरून, साधारण २७०० लिटर पाणी जातं असा अंदाज सगळीकडे देतात. ३२०० ने गुणलं तर ८६ लाख ४० हजार लिटर. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून पंप लावून वर चढवून आणतात तरी नळ दिवसाआड येतो, म्हणून हा आकडा मला नुसता आकडा वाटला नाही. आणि याच शहरात केळ्याचं साल आणि बिस्किटाचा कागद वेगळ्या डब्यात टाकायची सवय पोराटोरांना लागलीये, आम्ही मात्र कोरं कापड मुद्दाम चिंधी करत होतो. चिंधीवाल्याने नंतर ते किलोवर नेलं, मशीन पुसायला.

आणि राणा प्लाझा आठवला. ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ ला ती इमारत पडली, ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक बंद ठेवली, पण वर शिवणाऱ्यांना कामावर बोलावलं कारण ऑर्डरी द्यायच्या होत्या. त्यापुढे आमचं काहीच नाही, तुलनाच करू नये खरं तर, पण माहीत असूनही कुणीतरी पुढे चला म्हणतं, ती जागा मला आता आतून माहीत आहे.

शनिवारी मी मालकांकडे गेले, म्हटलं स्लिपवर सही माझी आहे, कापायचं तर माझ्या पगारातून कापा, बायांची शिलाई पूर्ण द्या. ते आधी चिडले, मग अर्धी देतो म्हणाले आणि दिलीसुद्धा. बाकीची पुढच्या ऑर्डरवर. मावशींना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही इंदूरलाच राहतो मॅडम." इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता कटिंगच्या स्लिपवर मी एक रकाना वाढवलाय, कापड कधी उघडलं त्याची तारीख आणि वेळ, तो भरल्याशिवाय सही करत नाही. त्यापायी दोन ऑर्डरी दुसरीकडे गेल्या. बायांची अर्धी शिलाई अजून बाकी आहे, मी दर शनिवारी विचारते.