आमची वाटचाल: कांदा, कंटेनर आणि रात्रीतून बदलणारे नियम

2011 ला निफाड तालुक्यात वस्तीवरच पत्र्याचं शेड टाकून आम्ही कांद्याचं पॅकिंग चालू केलं, निवडायला पंधरा बायका, वजनकाटा उधारीचा. लासलगाव, पिंपळगावच्या लिलावात माल घ्यायचा, साईज लावायची, गोण्या भरून मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला रवाना. पहिला कंटेनर कोलंबोला गेला तेव्हा वडील गाडीमागं फाट्यापर्यंत चालत आले होते. ते शेतकरी संघटनेचे जुने बिल्लेवाले, 1980 च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शरद जोशींना मानणारे, त्यांचं एकच म्हणणं, सरकारनं मदत नाही केली तरी चालंल पण आडवं येऊ नये.

ते मला खरं कळलं 14 सप्टेंबर 2020 ला. संध्याकाळी निर्यातबंदीची ऑर्डर निघाली आणि आमचे दोन कंटेनर पोर्टवरच अडकले. परत आलेला माल शेडमध्ये उतरवला तर गोण्यांतून काळं पाणी गळत होतं, निम्म्या कांद्याला कोंब. वर ऑक्टोबरमध्ये स्टॉक लिमिट, घाऊक व्यापाऱ्याला 25 टन! अहो एका चाळीस फुटी कंटेनरलाच 28-29 टन लागतो, मग बंदी उठल्यावर पाठवायला माल जमवायचा तरी कसा?

2023 ला तर साडेतीन महिने घडी बसूच दिली नाही. 19 ऑगस्टला निर्यातीवर 40 टक्के ड्युटी, ऑक्टोबरअखेर निर्यातीला टनामागं 800 डॉलर किमान दर, 8 डिसेंबरपासून थेट बंदी. शहरातल्या माणसाला कांदा परवडावा हे मलाही पटतं, पण भाव पडल्यावर शेतकरी ट्रॅक्टर तसाच परत नेतो तेव्हा अशी धावपळ कोणीच करत नाही, आणि भाव पाडला की पुढच्या वर्षी लागवडच कमी होते, मग टंचाई आणि परत बंदी. चढ्या भावानंच शेतकऱ्याला कळतं ना की कांदा लावावा म्हणून.

पैशाचं नुकसान भरून निघतं, गेलेलं गिऱ्हाईक नाही भरून निघत. आमची दुबईची आठ वर्षांची पार्टी, त्यानं फोनवर सरळ सांगितलं की भाई, तुमचा माल चांगला पण भरोसा नाही, आणि पाकिस्तानचा कांदा धरला. बंदी उठल्यावरही राहिलेली ड्युटी 1 एप्रिल 2025 पासून शून्य झाली, त्याच दिवशी मी त्याला फोटो पाठवले, उन्हाळ कांद्याचे, पंचावन्न एमएमची साईज. ब्लू टिक आली, ऑर्डर नाही आली. कोलंबोचं काम मात्र चालू आहे, महिन्याला दोन कंटेनर, आणि बायका आता वीस झाल्यात.