चांगघर: भुंगा हरला, पण बांध सुटले

चांगघर म्हणजे आसामच्या मिसिंग लोकांचं, खांबांवर उचललेलं बांबूचं घर. तसंच एक छोटं नाशिकला उभं राहतंय. आधी चांगली बातमी. बांबू पोखरणाऱ्या भुंग्यासाठी केलेला बोरॅक्सचा हौद फळला. 100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड, पेरांमधले पडदे 12 मिमी सळईने फोडलेले, कळक (बांबू) आठवडाभर पूर्ण बुडवलेले. कुठेही भुंग्याची पिवळी भुकटी नाही. फार समाधान वाटलं!

आता दुखणं. तळ 8 बाय 10 फूट, जमिनीपासून उंची 3 फूट, आणि एप्रिलच्या उन्हात तुळया-खांबांवरचे वेताचे बांध हाताने फिरतायत. मिसिंग लोकांची ही रीत ब्रह्मपुत्रेकाठच्या दमट हवेत वाढली; नाशिकचा उन्हाळा कोरडाठाक. ओला बांबू 20 टक्के ओलीपर्यंत सुकताना त्याचा व्यास 3 ते 12 टक्के घटतो. 80 मिमीचा कळक नुसता 3 टक्के आकसला तरी घेर साडेसात मिमीने कमी होतो आणि प्रत्येक वेढ्यात तेवढी ढील येते. त्यात हौदातून निघालेला कळक पुन्हा पाणी प्यालेला असतो. वखारीतला पिवळा बांबूही बाहेरून सुका दिसला तरी गाठीजवळ ओला निघतो, त्या रंगावर जाऊ नका. सावलीत उभा करून सुकवा, एक तुकडा दर आठवड्याला तोला, वजन घटायचं थांबलं की मगच बांधा.

सध्याच्या बांधांना सुक्या सागाच्या पाचरी ठोकल्या. काम भागतं, पण पाचर जास्त ठोकली की कळक उभा चिरतो. नायलॉनची दोरी नकोच: ताणते, आणि उन्हात ठिसूळ होते.

खरा प्रश्न वेगळाच आहे: तुळईचा भार बांधावर असावाच का? मेढीच्या, म्हणजे दुफाट्याच्या खांबाच्या, बेळक्यात तुळई बसते तेव्हा दोरी फक्त तिला सरकू देत नाही. म्हणून पाचरींचा बेत इथेच बदलतो. प्रत्येक खांबाला लागून आखूड कळक उभा करायचा, त्याच्या वरच्या टोकाखाली लगेच गाठ ठेवायची, डोक्याला खोबण घ्यायची आणि तुळई त्यावर टेकवायची. वेत फक्त दोघांना जखडेल. या कळकाचं बूडही खांबाच्याच दगडावर हवं. हौदातलं बोरॅक्स-बोरिकचं औषध पावसाने धुऊन जातं, त्यामुळे मातीत गाडलं तर कुजणारच.

जमिनीच्या कांब्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) तोवर ठोकणार नाही. बांध पुन्हा आवळायला खालून हात जायला हवा.