सामायिक मेमरी, टप्पा दुसरा: निरोप खरा, पण कालचा

मागच्या नोंदीत दोन संगणक एकमेकांच्या मेमरीत थेट लिहू लागले होते. मांडणी तीच आहे. फळीवर एकावर एक दोन जुने डेस्कटॉप, दोन्हींवर लिनक्स, आणि आरडीएमएचं (दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत थेट लिहिण्या-वाचण्याचं तंत्र) खरं कार्ड नसल्यामुळे त्याचं काम करणारं कर्नलमधलं सॉफ्ट-रॉकी. ‘वरचा’ हा ‘खालच्या’च्या मेमरीतल्या रिंग बफरमध्ये (ओळीने भरत जाणारे खण, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून) निरोप टाकतो, खालचा तो उचलतो. या खेपेस त्याच स्विचवर एक लॅपटॉप लावला आणि त्याला उपद्रवाचं काम दिलं.

आधी आरकीचं बघू, म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीत लिहिताना सोबत द्यावी लागणारी खूण. नावात ‘की’ असल्यामुळे ती पासवर्डच्या जातीची वाटते, पण तसं काही नाही. ३२ बिटांची ही खूण. त्यातले २४ बिट अनुक्रमांकाचे, बदलते असे ८च. वरच्या यंत्रावर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं साधन) लावलं तर यूडीपीच्या ४७९१ पोर्टवर ती उघडी दिसते: ६४ बिटांचा पत्ता, मग आरकी, मग ३२ बिटांची लांबी. पॅकेटच्या शेवटी सीआरसी (चुका पकडणारा पडताळ्याचा आकडा) असतो, पण तो विनाचावीचा, म्हणजे कुणीही पुन्हा मोजून चिकटवावा. म्हणून आरकी लॅपटॉपला मीच सांगून टाकली. ती लपलेली राहील असं धरून काही रचण्यात अर्थ नाही.

खरं कुंपण प्रोटेक्शन डोमेनचं, म्हणजे कुठली जोडणी मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावू शकते हे ठरवणाऱ्या गटाचं. सगळ्या जोडण्या एकाच डोमेनमध्ये ठेवायचा मोह होतो, कारण कोड सोपा होतो. दर जोडीदाराला वेगळं डोमेन दिल्यावर लॅपटॉपने अचूक आरकी वापरूनही त्याला रिमोट अ‍ॅक्सेस एरर मिळाला आणि त्याची जोडणी तुटली. मात्र तोच लॅपटॉप वरच्याचं सोंग घेऊन बनावट पॅकेट पाठवू लागला, तर या कुंपणाचा उपयोग नाही. त्यासाठी एन्क्रिप्शन हवंच.

इथे जास्त रेंगाळलो, आणि मजाही इथेच आहे. दर खण ४०९६ बाइटांचा, त्यावर एईएस-जीसीएम, म्हणजे मजकूर लपवणारं आणि त्यातला बदल पकडणारं एन्क्रिप्शन. सरळ पद्धत अशी की १२ बाइटांचा नॉन्स (एका चावीबरोबर एकदाच वापरायचा आकडा) आणि १६ बाइटांचा टॅग (मजकूर बदललेला नाही हे तपासायची खूण) खणातच ठेवायचे. लॅपटॉपला आधीचा एक अख्खा खण जपून ठेवायला लावला आणि रिंगने फेरी पूर्ण केल्यावर तो जागच्या जागी परत लिहायला सांगितला. टॅग बरोबर, मजकूर बरोबर, खालच्याने मुकाट्याने स्वीकारला. एन्क्रिप्शनने मजकूर कुणाचा हे कळलं, कधीचा हे नाही.

उपाय असा केला की नॉन्स सामायिक मेमरीत ठेवायचाच नाही. पुढचा निरोप कितवा, हे खालच्याला त्याच्या खासगी मेमरीतल्या ६४ बिटांच्या मोजणीवरून ठाऊक असतंच. त्याच मोजणीतून नॉन्स बनवला की जुना खण टॅगलाच अडकतो, वेगळी तपासणी लागत नाही. एका जागचा खण दुसऱ्या जागी नेऊन ठेवला तरी तेच, कारण जागाही मोजणीवरूनच ठरते. शिवाय खणातल्या १२ बाइटांची बचत झाली. दोन दिशांना दोन चाव्या, आणि दर जोडणीला एक्स२५५१९ या चावी ठरवण्याच्या पद्धतीने नव्या, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होऊन मोजणी शून्यावर आली तरी तोच नॉन्स त्याच चावीबरोबर पुन्हा येत नाही. जीसीएममध्ये ती चूक माफ नसते.

दुसरी गोष्ट कोडमधली. सामायिक मेमरीवर थेट डिक्रिप्ट करायचं नाही. टॅग तपासताना एक वाचन, उलगडताना दुसरं, आणि या दोहोंमध्ये पलीकडचं यंत्र बाइट बदलू शकतं. आधी खण खासगी बफरमध्ये उतरवायचा, मग काय ते. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, टॅगचा निकाल लागायच्या आधीच उलगडलेले बाइट हातात पडतात. निकाल लागेपर्यंत त्यांना शिवू नका.

निरोप आल्याची वर्दी राइट विथ इमिजिएटने, म्हणजे सोबत छोटा आकडा नेणाऱ्या लिखाणाने मिळते. तिच्यासोबतचा ३२ बिटांचा आकडा मी वाचतही नाही. खालचा ‘इथवर उचललं’ म्हणून जो आकडा वरच्याच्या मेमरीत लिहितो, तोही परकाच माल. मागे जात नाही आणि लिहिलेल्याच्या पुढे पळत नाही, एवढं पाहूनच वरचा तो घेतो. पडताळणी चुकली की जोडणी बंद, चाव्या नव्या. खणात रेघोट्या मारून काम बंद पाडणं लॅपटॉपला अजूनही जमतं. त्यावर एन्क्रिप्शनकडे उत्तर नाही.

‘सीएक्सएलमध्ये हे आयतं मिळतं ना?’ असं कुणीतरी विचारणारच. (सीएक्सएल म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीची उपकरणं जोडणारा दुवा.) २०२० च्या सीएक्सएल २.० मध्ये दुव्यावरचं एन्क्रिप्शन आलं, तेही एईएस-जीसीएमच, २५६ बिटांच्या चावीचं. पण ते दुव्यापुरतं. त्याच मेमरीत लिहायची मुभा असलेला तिसरा यजमान (संगणक) त्याने अडत नाही. ३.० पासून अनेक यजमानांना तोच भाग सामायिक वापरता येतो, तेव्हा हा प्रश्न तिथेही उभा राहतोच.

रिंगचं भागलं. आता सामायिक तक्ता करायचाय, ज्यात कुठलाही खण कधीही बदलू शकतो. तिथे ‘पुढचा कितवा’ हे आपसूक कळत नाही. दर खणाची मोजणी खासगी मेमरीत ठेवायची, की मर्कल ट्री (खणांच्या हॅशचे, म्हणजे ठशांचे, पुन्हा हॅश करत एका मुळापर्यंत नेणारं झाड) करून फक्त मूळ जपायचं? लहान तक्त्याला पहिलं पुरेल असं मला वाटतं. पण एका लिखाणामागे मुळापर्यंतचे किती हॅश पुन्हा मोजावे लागतात ते पाहायचंय, म्हणून आधी झाडच लिहायला घेतलंय.