सदाफुलीची सात पानं

श्रावणी सोमवार, सकाळचे साडेअकरा. ऐरोलीतल्या माझ्या दवाखान्यात काकांना रिक्षातून दोघांनी धरून आणलं. अंग घामाने थबथबलेलं, जीभ जड, नाव विचारलं तर नुसतं हसायचे. काकूंना वाटलं अर्धांगवायू. बोट टोचलं, साखर ४६.

शुद्धीवर असते तर पाण्यात तीन चमचे साखर देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं असतं. पण अर्धवट शुद्धीत तोंडाने पाजलं की पाणी श्वासनलिकेत उतरतं. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण दिलं, १०० मिली. दहा मिनिटांत साखर १३८, काका बोलू लागले. तासाभरात परत ७१! काकांच्या मधुमेहाच्या गोळीचा, ग्लिमेपिराइडचा, अंमल दिवसभर राहतो, आणि त्यांचं क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडं मंदावलेली, अंमल त्याहूनही लांबणार. वर उपास असून गोळी घेतलेली. अशा पेशंटला 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी सोडायचं नसतं. चोवीस तासांसाठी ॲडमिट करायला लावलं.

औषधांची पिशवी आवरताना काकूंनी विचारलं, "अहो डॉक्टर, पानांचा रस पण थांबवू का?"

कसला रस? सोसायटीच्या बागेतली सदाफुली, 'पांढऱ्या फुलाचीच हवी', जूनपासून रोज तीन पानं. साखर उतरतेय असं दिसल्यावर सात. मिक्सरला अर्धा कप पाण्यात फिरवून, गाळून, अनशापोटी. औषधं कोणती घेता, हे मी दर खेपेला विचारत होतो. पानं त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हती.

मग रक्ताचा पूर्ण रिपोर्ट मागवला. पांढऱ्या पेशी ३२००. मार्चमध्ये ६१०० होत्या.

सदाफुलीच्या बाबतीत हे आठवावंच लागतं. १९५२ साली जमैकाहून मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून तिची पानं कॅनडात तपासायला गेली. उंदरांची साखर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र पडल्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन सापडलं, पुढे व्हिन्क्रिस्टिन. दोन्ही आजही कर्करोगावर वापरतात. पानात त्यांचं प्रमाण नगण्य, एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. पण पानात इतरही अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली द्रव्यं, आहेत आणि त्यांचं प्रमाण झाडागणिक, पानाच्या वयागणिक बदलतं. सात पानांत नेमकं किती गेलं, हे मिक्सर सांगत नाही. व्हिन्क्रिस्टिन एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही शिरेतून, रक्त तपासून.

त्या दिवशीची साखर माझ्या मते गोळीने आणि उपासाने पाडली. रसाने हातभार लावला असेल. पेशींबाबत मात्र माझा संशय पानांवरच आहे. रस बंद केल्यावर तीन आठवड्यांत ५४०० झाल्या. पुरावा म्हणावा असं हे नाही, व्हायरल तापानेही पेशी पडतात.

काका नाराज आहेत. उपाशीपोटीची साखर ११८ वरून १४१ वर गेली, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. मी ग्लिमेपिराइडही बंद केली होती, ते त्यांच्या हिशेबात धरलेलं नाही.