पुण्यात मेंदू संशोधनाचे सामायिक केंद्र का हवे

तेव्हा हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांवरील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्या रुग्णांमध्ये आजाराची लक्षणे एकभाषिक रुग्णांच्या तुलनेत सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती, आणि हा फरक कधीही शाळेत न गेलेल्या रुग्णांमध्येही आढळला. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. मी भाषाविज्ञान शिकवते, आणि मला त्या अभ्यासाची घडण अधिक महत्त्वाची वाटते. रुग्ण घरी, बाजारात आणि कामावर कोणती भाषा बोलतो हे विचारणारा दवाखाना, द्विभाषिकता म्हणजे काय हे ठरवू शकणारे अभ्यासक आणि शिक्षण, व्यवसाय, शहरी-ग्रामीण वास्तव्य यांचा प्रभाव वेगळा काढणारे संख्याशास्त्र एकत्र आले, तेव्हा कुठे तो प्रश्न नीट मांडता आला.

असे काम पुण्यात होण्यासाठी लागणारे बहुतेक सर्व काही या शहरात आहे. ससून रुग्णालयात पक्षाघाताचे रुग्ण दूरदूरच्या तालुक्यांतून येतात. नदीच्या पलीकडे, येरवड्याला, डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची दीर्घ परंपरा आहे. गणेशखिंडीच्या विद्यापीठात मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विभाग आहेत, त्याच आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, आणि पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे, जिथे ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसवलेला आहे. या साऱ्या संस्था एका दिवसात रिक्षाने फिरून होतील इतक्या जवळ आहेत.

अंतर आहे ते कारभाराचे. ससूनशी जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, डेक्कन कॉलेज अभिमत विद्यापीठ आहे, आयसर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, पेशीविज्ञान केंद्र जैवतंत्रज्ञान विभागाच्या, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राज्याच्या कायद्याने चालते. परिणामी एकाच प्रकल्पासाठी प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीकडे स्वतंत्र अर्ज जातो, प्रत्येक समिती संमतिपत्रात आपापल्या दुरुस्त्या सुचवते, आणि शेवटी एकाच अभ्यासातील रुग्णांनी वेगवेगळ्या मजकुरावर सह्या केलेल्या असतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा वाचाघातावरचा, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा बिघडण्यावरचा, विषय अशाच फेऱ्यांत अडकला, आणि अखेर तिने रुग्णांचा भाग वगळून केवळ निरोगी भाषकांवर प्रबंध लिहिला. प्रबंध चांगला झाला, पण ज्या प्रश्नासाठी ती या विषयाकडे वळली होती तो तसाच राहिला. हे मला फार लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बहुकेंद्री अभ्यासांसाठी सामायिक नीतिपरीक्षणाची सोय आहे. ती वापरायची तर आधी संस्थांनी एकमेकांच्या समितीवर विश्वास ठेवण्याचा करार केला पाहिजे.

सामायिक केंद्र कसे असावे याचा नमुना शोधायला पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही. १९८८ साली जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती आंतरविद्यापीठीय केंद्र म्हणूनच. लहान गावातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने इथे यावे, काही आठवडे राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत आणि परत जाऊन आपल्याच संस्थेत संशोधन चालू ठेवावे, ही त्यामागची कल्पना. माणसे आपापल्या विद्यापीठातच राहतात आणि महागडी साधने मात्र सर्वांची होतात. मेंदू संशोधनाला नेमकी हीच रचना हवी आहे, कारण संशोधनासाठी राखून ठेवलेले एमआरआय यंत्र कोणत्याही एका विभागाला परवडणार नाही, आणि रुग्णालयातले यंत्र दिवसभर रुग्णांसाठी लागते, तसेच ते लागले पाहिजे.

तरीही खगोलशास्त्राचा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. मेंदूच्या प्रतिमा माणसांच्या असतात. एमआरआयच्या मूळ फायलीतून चेहऱ्याची त्रिमितीय आकृती पुन्हा तयार करता येते, म्हणून नाव आणि पत्ता काढून टाकणे पुरेसे होत नाही. प्रतिमेतून चेहऱ्याचा भागही काढावा लागतो. दुसरी अडचण यंत्रांची आहे, आणि तिच्याकडे बैठकांमध्ये क्वचितच लक्ष दिले जाते. दोन यंत्रांची चुंबकीय शक्ती, बनावट आणि मोजणीची पद्धत वेगळी असली की त्यांच्या प्रतिमाही वेगळ्या येतात. रुग्ण एका यंत्रात आणि निरोगी व्यक्ती दुसऱ्या यंत्रात तपासल्या, तर जो फरक दिसेल तो आजाराचा की यंत्राचा हे सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन्ही गट तपासावे लागतात, आणि काही निरोगी स्वयंसेवकांना सर्व यंत्रांतून नेऊन फरकाचे माप घ्यावे लागते. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्यावर शोधनिबंध सहसा निघत नाही. ते करणाऱ्या तंत्रज्ञाला कायम पद आणि सन्मान मिळणार नसेल, तर केंद्र टिकणार नाही असे माझे ठाम मत आहे.

युरोपातील ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट हा मेंदू संशोधनाचा मोठा सामायिक प्रकल्प २०१३ साली सुरू झाला आणि दहा वर्षे चालला. पहिल्याच वर्षभरात, जुलै २०१४ मध्ये, शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्याच्या कारभारावर आणि आकलनाचा अभ्यास करणाऱ्या गटांना मुख्य आराखड्यातून बाजूला काढण्यावर आक्षेप घेतला. पुढे मध्यस्थी झाली आणि रचना बदलली. निर्णय कोण घेणार हे पैसा येण्यापूर्वी ठरलेले असावे, आणि त्या मंडळात मानसशास्त्र व भाषाविज्ञान यांनाही मताचा अधिकार असावा, असा आग्रह मी म्हणूनच धरते.

पहिला विषय मराठी वाचाघाताचा असावा असे मला वाटते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेला मराठी भाषक नामाचे सामान्यरूप टिकवतो का, ‘घरात’ऐवजी ‘घर’ म्हणतो की ‘घरा’वर अडतो, हे ऐकायला व्याकरणाचा कान लागतो, आणि इजा नेमकी कुठे आहे हे पाहायला प्रतिमा लागते. देवनागरी वाचनाचेही तसेच आहे. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडाने नंतर उच्चारली जाते, पक्षाघातानंतर वाचन बिघडलेल्या माणसाचे तिथे काय होते? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हिंदी वाचकांवर प्रतिमांच्या साहाय्याने असा अभ्यास झालेला आहे. मराठी रुग्णांवर तो करायचा तर ससूनचा वॉर्ड आणि येरवड्याचा वर्ग यांनी एकत्र यायला हवे.

माझ्यापुरती सुरुवात म्हणून ‘मेंदू आणि भाषा’ या विषयाची एक अभ्यासपत्रिका मी आमच्या अभ्यासमंडळापुढे ठेवली आहे. तिचे निम्मे तास रुग्णालयातील न्यूरॉलॉजिस्टने घ्यावेत अशी तरतूद मंडळाला मान्य आहे. त्या तासांचे मानधन कोणत्या संस्थेच्या खात्यातून द्यायचे, हा मुद्दा पुढच्या बैठकीत निघेल.